सहा आठवड्यांची मुदत

राज्यघटना शिकवताना अनुच्छेद २१३ आला की मी थोडा रेंगाळतो. विधिमंडळाचे अधिवेशन नसताना तातडीची निकड उभी राहिली, तर राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने अध्यादेश काढू शकतात. त्याला कायद्याचेच बळ असते. मात्र अधिवेशन पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत तो आपोआप संपतो. तोवर सभागृहाकडून कायदा करून घ्यायचा, नाहीतर विषय सोडायचा. सरकारला आमदारांच्या प्रश्नांना तोंड द्यायला लावणारी ही मुदत आहे.

बिहारने ती गुंडाळून ठेवली. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले प्रा. डी. सी. वाधवा बिहारमधील जमीनधारणेचा अभ्यास करत होते. त्या कामात त्यांच्या लक्षात आले, की तेच अध्यादेश पुन्हा पुन्हा निघताहेत. मूळ विषय बाजूला ठेवून त्यांनी याचाच छडा लावला. १९६७ ते १९८१ या काळात विधिमंडळाने कायदे केले १८९ आणि सरकारने अध्यादेश काढले २५६! ऊसपुरवठा व खरेदीचा एक अध्यादेश तर जवळपास चौदा वर्षे जिवंत ठेवला होता. अधिवेशन संपले की सगळ्या खात्यांना परिपत्रक जाई: चालू अध्यादेश मुदतीआधी पुन्हा काढायचे आहेत, कार्यवाही करा. आकड्यांपेक्षा हे परिपत्रक मला जास्त अस्वस्थ करते. तातडीची निकड ठरवणे हे मंत्रिमंडळाचे काम. इथे ती छापील नमुन्यात भरली जात होती.

वाधवा सर्वोच्च न्यायालयात गेले. हे बाहेरचे गृहस्थ, यांचा काय संबंध, असा बिहार सरकारचा आक्षेप होता. घटनेप्रमाणे केलेल्या कायद्यांनीच आपला कारभार चालावा असा आग्रह धरण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे, असे सांगून सरन्यायाधीश भगवती यांच्या घटनापीठाने तो फेटाळला. डिसेंबर १९८६च्या या निकालाने अशा पुनर्जारीला घटनेशी केलेली लबाडी ठरवले आणि वाधवांना खर्चापोटी दहा हजार रुपये देण्याचा आदेश दिला. पण सभागृहापुढे कामाचा फार बोजा असेल तर अपवाद, अशी फट राहिली. ती राहायला नको होती, असे माझे ठाम मत आहे.

निकाल लागल्यावर तरी बिहार थांबले का? १९८९मध्ये ४२९ संस्कृत शाळा अध्यादेशाने ताब्यात घेतल्या गेल्या, तो अध्यादेश पुन्हा पुन्हा काढला गेला, सभागृहाच्या पटलावर कधी ठेवलाच नाही आणि १९९२मध्ये संपू दिला. शिक्षक सरकारी नोकर झाल्याच्या भरवशावर होते. त्यांचे प्रकरण सात न्यायाधीशांच्या पीठाने निकाली काढेपर्यंत २०१७ उजाडले. अध्यादेश पटलावर ठेवणे बंधनकारक आहे, असे बहुमताने ठरले. शिक्षकांना मिळालेले पगार परत घेऊ नयेत, एवढा दिलासा मिळाला. सरकारी नोकरीचा हक्क मात्र गेला.

सभागृहात विधेयक आले असते, तर त्या शिक्षकांच्या भवितव्याबद्दल एखाद्या आमदाराने १९९०मध्येच विचारले असते.