भोंगा का कण्हतो?

परवा दोन दिवस रिद्धपूरला मामाकडे गेलो होतो. मामा जाऊन बरीच वर्षं झाली, पण आम्ही भाचेमंडळी अजून 'मामाकडे'च जातो. दारात धाकटा मामेभाऊ मोटरसायकलवर भाजीच्या थैल्या बांधत होता. "कसा आहेस?" म्हटलं, तर नुसती मान हलवली. घशातून आवाजच निघेना.

तो आसपासच्या खेड्यांत फिरून भाजी विकतो. वर्षानुवर्षं ओरडून विकली. दोन वर्षांपूर्वी आवाज बसला तो बसलाच. स्वरयंत्रावर गाठी आल्यात, डॉक्टरांनी सांगितलं, ओरडणं बंद. म्हणून मग बारा व्होल्टचा छोटा अँप्लिफायर आणला, मागे भोंगा बांधला आणि दोन महिने घसा गप्प ठेवून जरा बरा झालेला स्वतःचा आवाज मोबाईलमध्ये भरून घेतला. "टमाटर, वांगे, सांबार..." हे आता मोबाईल म्हणायचा.

तर झालं असं, की आठवडाभर भोंगा 'कुंईं' असा कण्हत होता. भाजी कोणती ते बायकांना कळेना. भाऊ वैतागला, भोंगा बंद केला आणि पुन्हा ओरडायला लागला. चार दिवसांत घशाची ही गत.

मी पडलो इलेक्ट्रॉनिक्सवाला! चहासुद्धा न घेता डबा उघडला. आत ओळखीचा जुना दोस्त, ४४४० नंबरची आयसी. आमच्या कॉलेजच्या दिवसांत हिच्यावर कितीतरी पोरांनी अँप्लिफायर बांधायला शिकून घेतलं. १४ पायांची, दोन्ही बाजू एकत्र जोडल्या तर १९ वॅटपर्यंत आवाज देणारी. "आयसी गेली," मी जाहीर करून टाकलं. दुसऱ्या दिवशी अमरावतीहून नवी आणली. जुनी काढताना बोर्डावरची तांब्याची एक पट्टी उखडली, तिथे वायरचा तुकडा जोडला. दुपारी तीनला मोटरसायकल सुरू केली.

कुंईं...

ओट्यावर तूर निवडत बसलेल्या मामी इतका वेळ गप्प होत्या. आता म्हणाल्या, "गाडी बंद असली का बेस बोलते थो. चालू केली का कण्हते. रेस देली का अजून जोरानं. मंग दोष त्या डब्यातच कसा रे बापा?"

मी गप्प. अहो, दीड दिवसात हा प्रश्न मी कोणाला विचारलाच नव्हता!

भावाला विचारलं (त्याने खुणेनेच सांगितलं), कधीपासून? तर हँडलला मोबाईलचा चार्जर बसवला तेव्हापासून. गाडी चालू ठेवून मोबाईल चार्जरवरून काढला. कण्हणं एकदम कमी! मग मल्टिमीटरची एक सुई बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी अँप्लिफायरच्या काळ्या वायरला लावली. तिथे जवळजवळ शून्य दिसायला हवं. दिसला अर्धा व्होल्ट.

आता उलगडा झाला. मोटरसायकलमध्ये निगेटिव्ह वायर म्हणजे गाडीचा सांगाडाच. अँप्लिफायरची अर्थिंग सीटखालच्या गंजलेल्या बोल्टला, चार्जरची हँडलपाशी, आणि मोबाईलच्या आवाजाची वायर त्या दोघांना जोडणारी. इंजिन बॅटरीला जो करंट देतं तो काही संथ नसतो, त्याला लाटा असतात आणि त्या इंजिनच्या वेगाबरोबर वाढतात. दोन अर्थिंगमधला तो थरथरता फरक अँप्लिफायरला आवाजच वाटतो. तो बिचारा इमानाने मोठा करून भोंग्याला देतो. आयसीचा दोष काडीचा नव्हता.

थेट बॅटरीपासून जाड वायरची एक जोडी ओढली, अँप्लिफायर आणि चार्जर दोन्ही त्याच जोडीवर घेतले. डब्याखाली जुन्या ट्यूबचं रबर, म्हणजे खड्ड्यांनी पुन्हा काही सुटायला नको. अर्ध्या तासाचं काम! पूर्ण रेस दिली तर अजून बारीक कुंई येते, पण कान लावून ऐकलं तरच.

संध्याकाळी राजमठाकडे फेरी मारली. गोविंदप्रभूंचं हे गाव. इथेच म्हाइंभटांनी १२७८च्या सुमारास लीळाचरित्र लिहिलं. आता मराठी भाषा विद्यापीठही झालंय. म्हाइंभट स्वतः मोठे पंडित, पण चक्रधरस्वामींच्या लीळा त्यांनी डोक्यातून काढल्या नाहीत. ज्यांनी ज्यांनी पाहिलं-ऐकलं होतं, त्यांच्याकडे जाऊन विचारल्या, मग नागदेवाचार्यांकडून पारखून घेतल्या. त्या गावात बसून मी मात्र रोज तो भोंगा ऐकणाऱ्या माणसांना काही न विचारता थेट स्क्रू काढायला बसलो होतो. थोडी लाज वाटली, खरं सांगतो.

सकाळी भाऊ निघाला. वळणापर्यंत त्याचा भरलेला आवाज स्वच्छ ऐकू येत होता. मामी दारात उभ्या राहून तो संपेपर्यंत ऐकत होत्या. "आता घसा नाई फाडावा लागत पोराले," एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा तुरीकडे वळल्या.

असो.

ता.क. : कोणी असं करणार असाल तर फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ लावा. आणि त्याआधी घरात कोणी काही ऐकलंय का ते विचारा.