फिरकी धरणारा मित्र

शाळेच्या अंकासाठी काहीतरी लिहा, असा निरोप आला तेव्हा आम्ही सहा जणांनी एकत्र बसून लिहायचे ठरवले. पूर्वी आम्ही सात होतो. पहिलीपासून याच शाळेत शिकलो आणि दांडिया बाजारात एकमेकांच्या घरी जेवून-खाऊन वाढलो. आमचा सातवा मित्र डिसेंबर २०२३ मध्ये हृदयविकाराच्या झटक्याने गेला. वय अवघे सत्तेचाळीस.

तेरा दिवस आम्ही त्याच्या घरी रोज जात होतो. सतरंज्या घालणे, आलेल्यांना पाणी देणे, गुरुजींना आणणे-सोडणे. हाताला काम होते म्हणून बरे होते. चौदाव्या दिवसापासून आमचे जाणे थांबले. खरे सांगायचे तर भीती वाटत होती. काकूंसमोर बसून बोलायचे काय? त्याचा विषय काढला तर त्यांना रडू येईल. म्हणून आम्ही त्यांची गल्ली टाळून लांबच्या रस्त्याने जाऊ लागलो. आज हे लिहिताना लाज वाटते.

बडोद्यात उत्तरायण म्हणजे काय, हे वाचकांना सांगायला नको. दर १४ जानेवारीला आम्ही सकाळपासून त्याच्याच गच्चीवर असायचो. तो स्वतः पतंग फारसा उडवत नसे. किन्ना बांधायचा आणि फिरकी धरायचा. कोणाला ढील हवी, कोणाची दोरी गुंडाळायची, हे त्याला न सांगता कळे. यंदा त्या घरी सण नाही, तेव्हा जायचे नाही असे आम्ही धरूनच चाललो होतो. आदल्या रात्री काकूंचा फोन आला. "आमच्याकडे यंदा तिळगूळ नाही रे. पण गच्ची आहे. या तुम्ही."

आम्ही गेलो. पतंग कोणीच नेले नव्हते. चहूकडून "काय्पो छे"चा गलका चालला होता आणि आम्ही खाली मान घालून बसलो होतो. काकू जिना चढून वर आल्या. म्हणाल्या, "तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं होतं. आता जो येतो तो हवापाण्याचं बोलतो. त्याचा विषयच कोणी काढत नाही. मी काय त्याला विसरावं म्हणून?"

थोड्या वेळाने आमच्यातल्या एकाने पाचवीतली गोष्ट काढली. वर्ग कमाटीबागेतले म्युझियम पाहायला गेला होता. तिथे मही नदीच्या मुखाशी १९४४ साली सापडलेल्या देवमाशाचा प्रचंड सांगाडा आहे. हा पठ्ठ्या त्याच्या फासळ्या मोजत मागे राहिला. सारा वर्ग फाटकाशी खोळंबला. बाईंनी डायरीत शेरा लिहून आईची सही आणायला सांगितली. सही त्याने स्वतःच केली!

"माझी सही?" काकू उडाल्याच. "आणि मला इतकी वर्षं पत्ता नाही?" त्या हसल्या, मग पदर डोळ्यांना लावला, आणि पुन्हा म्हणाल्या, "आणखी काय काय केलंय त्यानं? सांगा." दुपार कलेपर्यंत आम्ही सांगत होतो. त्याच्या लहानपणाच्या, आम्हांला ठाऊक नसलेल्या गोष्टी काकूंनी सांगितल्या. जाताना आमचेही मन किती हलके झाले होते!

तेव्हा कळले की मित्राचे जे रूप आम्ही पाहिले होते, ते त्याच्या आईने पाहिलेच नव्हते. ते आमच्याजवळ होते आणि काकूंना रडू येईल या भीतीने आम्ही ते दडवून बसलो होतो. रडू तर त्यांना एकट्यानेही येतच होते.

विद्यार्थी मित्रांनो, वर्गातल्या कोणाच्या घरी असा प्रसंग आला तर काय बोलावे याची चिंता करू नका. जा, शेजारी बसा, गेलेल्या माणसाची एखादी आठवण सांगा. पालकांनीही मुलांना अडवू नये. विश्वस्त मंडळींना एक विनंती आहे. शोकसभेत दोन मिनिटे स्तब्ध उभे राहण्याची आपली प्रथा चांगलीच आहे. त्यासोबत एक वही ठेवावी. ज्याला जे आठवेल ते त्याने लिहावे आणि महिन्याभराने, घरातली गर्दी ओसरल्यावर, ती वही घरी नेऊन द्यावी.

पुढच्या उत्तरायणाला आम्ही पतंग घेऊन गेलो. फिरकी काकूंनी धरली.