सव्वीस डिसेंबरचा नाताळ

भिवंडी, डिसेंबर

प्रिय चार्ल्स डिकन्स यांस,


हे पत्र भिवंडीहून लिहितो आहे. ठाणे जिल्ह्यातलं, कामवारी नदीकाठचं हे मागांचं गाव. आधी हातमाग होते, मग यंत्रमाग आले आणि अलीकडच्या काळात ठाणे-भिवंडी रस्ता आणि मुंबई-नाशिक महामार्ग यांच्या आजूबाजूला, काल्हेर, पूर्णा, अंजूरफाटा, माणकोली या पट्ट्यात गोडाऊनं उभी राहिली. मुंबईत कुणी घरबसल्या काही मागवलं की ते पुष्कळदा इथूनच निघतं. डिसेंबरात त्या खोक्यांमध्ये घडीची नाताळझाडं असतात, लाल टोप्या, चकाकत्या चांदण्या, दिव्यांच्या माळा असतात. मी गोडाऊनमधला नव्हे, एका यंत्रमाग कारखान्यातला मेहताजी. तागे मोजून घेणं, वहीत मीटर चढवणं आणि पंधरवड्याला मजुरीचा हिशेब करणं हे माझं काम. तुमच्या गोष्टीतला कारकून बॉब क्रॅचिट माझ्याच पेशातला. त्याच्याविषयी आणि त्याच्या मालकाविषयी तुमच्याशी बोलायचं आहे.

तुमचं ‘अ ख्रिसमस कॅरोल’ १९ डिसेंबर १८४३ रोजी प्रसिद्ध झालं. सहा आठवड्यांत लिहून हातावेगळं केलेल्या त्या छोट्याशा पुस्तकाच्या सहा हजार प्रती नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत खपल्या. तेव्हापासून आजच्या नाताळाचं श्रेय लोक तुम्हाला देत आले आहेत. त्यातलं सगळंच तुमचं नाही. जुन्या इंग्लिश नाताळाचं गोड चित्र तुमच्या आधी वीसेक वर्षं वॉशिंग्टन आयर्विंगनं रंगवलं होतं. सजवलेलं झाड जर्मनीतून आलं. व्हिक्टोरिया राणी आणि प्रिन्स अल्बर्ट यांचं झाडाभोवतीचं चित्र १८४८ साली छापून आलं आणि मग ते घरोघर गेलं. पहिलं छापील नाताळकार्ड हेन्री कोल यांनी काढलं, तेही १८४३ च्याच डिसेंबरात. तुमच्या गोष्टीत ना झाड आहे, ना लाल डगल्यातला सांताक्लॉज. तुमच्या नाताळाचं भूत हिरव्या झग्यात येतं.

तुमचं स्वतःचं म्हणावं असं आहे ते क्रॅचिटांचं स्वयंपाकघर. घरात भट्टी नाही, म्हणून हंस भाजायला बेकरीत दिलेला आहे. पुडिंग शिजतं आहे कपडे उकळायच्या हंड्यात, आणि झाकण काढल्यावर धुण्याच्या दिवसासारखा वास घरभर सुटतो. प्यायला घरात सगळे मिळून दोन पेले आणि एक दांडी तुटलेला कप. त्या भांड्यांतून ती माणसं ज्या थाटानं एकमेकांचं सुख चिंततात, तो थाट कुठल्या हवेलीतून आलेला नाही. सण जमीनदाराच्या दिवाणखान्यातून उचलून तुम्ही आठवड्याला १५ शिलिंग मिळवणाऱ्या कारकुनाच्या घरात आणून ठेवलात. गावाकडचे जुने सण सोडून कारखान्यांच्या शहरांत आलेल्या लोकांना त्यामुळे स्वतःचा असा एक सण मिळाला. सगळ्यांनी एका टेबलाशी बसून जेवायचं, दुरावलेल्या भाच्याच्या दारात जाऊन उभं राहायचं, गरिबासाठी खिशात हात घालायचा, या रीती तिथून पसरल्या. हंसाची जागा टर्कीनं घेतली, त्यातही तुमच्या शेवटच्या प्रकरणाचा मोठा वाटा आहे.

आमच्याकडचा नाताळ मात्र तुमच्या कितीतरी आधीचा. अंजूरफाट्याहून कामणमार्गे चिंचोटीचा रस्ता धरला की पलीकडे वसई. तिथली ख्रिस्ती गावं पोर्तुगीज काळापासूनची. घरात मराठी बोलीच, आणि नाताळात अंगणात गव्हाण, दारात चांदणी, रात्री मिस्सा. आणखी एक गोष्ट ऐकून तुम्हाला बरं वाटेल. तुमचेच एक देशबंधू, फादर थॉमस स्टीफन्स, १५७९ साली गोव्यात आले, इथली भाषा मनापासून शिकले, आणि १६१६ साली त्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ छापून झालं. बेथलेहेमच्या गोठ्यातला जन्म त्यांनी मराठी ओवीत सांगितला. तुमच्या पुस्तकाच्या २२७ वर्षं आधी! स्टीफन्स यांनी आम्हाला गोठ्यातला नाताळ दिला. तुमच्या पुस्तकात चर्चला जाण्याचा उल्लेख एखाद-दुसऱ्या ओळीत उरकतो. सगळा मुक्काम घर, बाजार आणि पेढी इथेच. म्हणूनच तो नाताळ ख्रिस्ती नसलेल्यांच्या दारापर्यंत पोचू शकला, आणि माझ्यासारख्याला तो आपल्या कामाविषयीचा वाटतो.

कारण तुमच्या गोष्टीच्या पहिल्याच प्रकरणात सुट्टीचा प्रश्न येतो. नाताळच्या आदल्या दिवशी पेढी बंद होताना मालक स्क्रूज बॉबला विचारतो, उद्या अख्खा दिवस हवा असेल ना? पगार कापला तर तू अन्याय झाला म्हणशील, आणि काम न करता दिवसाचा पगार घेतोस तेव्हा माझ्यावर अन्याय होतो त्याचं काय? वर्षातून एकदाच येतो हो सण, एवढंच बॉब म्हणतो. शेगडीत त्याच्या वाट्याला एकच निखारा आहे आणि कोळशाची पेटी मालकाच्या खोलीत. हे संभाषण मी वाचलं तेव्हा आमच्या कारखान्याची वही माझ्यासमोर उघडी होती.

त्या वहीतलं काय सांगू? आमच्याकडे कारीगराला मजुरी मीटरवर मिळते. एकेका माणसाकडे चार-सहा माग. पाळी बारा तासांची. धोटा इकडून तिकडे आपटत असतो. शेजारच्याशी बोलायचं तर त्याच्या कानाशी तोंड न्यावं लागतं. कांडी संपली की बदलायची, ताण्याचा धागा तुटला की माग थांबवून गाठ मारायची, आणि माग थांबला की मीटरही थांबले. पाळी सुटते तेव्हा केसांवर, भुवयांवर कापसाचा पांढरा बुरा बसलेला असतो. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेली ही माणसं. ईद असो, छठ असो की दिवाळी, त्या दिवशी माग बंद, आणि माझ्या वहीत त्या तारखेच्या रकान्यात शून्य. ज्याचा पगार महिन्यावर ठरलेला असतो त्याला सण म्हणजे सुट्टी. मीटरवर जगणाऱ्याला सण म्हणजे बुडालेली मजुरी. स्क्रूज निदान तक्रार करून का होईना बॉबचा पगार देत होता. आमच्या कारीगराला मागायला जागाच नाही, कारण हिशेबाची रीतच अशी की त्या दिवसाचं त्याचं काही येणं निघत नाही.

गोडाऊनच्या बाबतीत कायदा थोडा पुढे आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानं, ठरावीक संख्येहून जास्त माणसं कामाला असतील तर वर्षाला आठ पगारी सुट्ट्या द्याव्या लागतात: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि मालक-कामगारांनी मिळून ठरवलेले चार सण. कागदावरची ही गोष्ट ठेकेदाराच्या माणसापर्यंत पोचवणं हे खरं काम.

गोडाऊनवरून तुमचा फेझिविग आठवतो. स्क्रूज उमेदवारी करत होता त्या काळचा त्याचा मालक. त्याचंही गोडाऊनच होतं. नाताळच्या आदल्या संध्याकाळी तो काम थांबवायला सांगतो, पोरं धावत जाऊन फळ्या लावतात, माल बाजूला सरकतो, जमीन झाडली जाते, दिव्यांच्या वाती सारख्या होतात, शेकोटीत कोळसा पडतो, आणि हिशेबाच्या मेजावर फिडलवाला चढून बसतो. मोलकरणीपासून शेजारच्या उपाशी पोरापर्यंत सगळे नाचतात. हे सगळं स्क्रूजला दाखवणारं गेल्या नाताळांचं भूत त्याला डिवचतं, खर्च तो किती, तीन-चार पौंड! तेव्हा स्क्रूजच्या तोंडून निघून जातं की आमचं काम हलकं करायचं की ओझं, हे त्या माणसाच्या हातात होतं. एका नजरेतून, एका शब्दातून तो जे सुख देत होता त्याचं मोल संपत्तीएवढं होतं. मालकीविषयी इतकं नेमकं मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

हे सगळं तुम्ही ऐकीव लिहिलं नव्हतंत. तुम्ही बारा वर्षांचे असताना तुमचे वडील कर्जापायी मार्शलसीच्या तुरुंगात गेले आणि तुम्ही बुटपॉलिशच्या कारखान्यात बरण्यांना लेबलं चिकटवलीत. १८४३ च्या सुरुवातीला कारखान्यांतल्या मुलांविषयीचा सरकारी अहवाल वाचून तुम्ही अस्वस्थ झालात आणि गरिबाच्या मुलासाठी एक पत्रक काढायचं ठरवलंत. मग थांबलात. वर्षअखेरीस याहून कितीतरी जोरदार घाव घालीन, असं मित्राला कळवलंत, आणि तो घाव म्हणजे ही गोष्ट. भुताच्या झग्याखालून बाहेर येणारी ती दोन खंगलेली पोरं, अज्ञान आणि दारिद्र्य, त्या न निघालेल्या पत्रकातूनच आलेली. पुस्तकाची किंमत मात्र पाच शिलिंग होती, म्हणजे बॉबच्या आठवड्याच्या पगाराचा तिसरा हिस्सा. बॉबला स्वतःचीच गोष्ट विकत घेणं परवडलं नसतं. १८५३ च्या डिसेंबरात बर्मिंगहॅमला तुम्ही ती लोकांपुढे वाचलीत, तेव्हा एक वाचन खास कष्टकऱ्यांसाठी, स्वस्त तिकिटात ठेवण्याचा आग्रह धरलात. त्याबद्दल या मेहताजीचा तुम्हाला मनापासून नमस्कार.

आता जे बोलायला जड जातं ते. १८५७ च्या उठावात कानपूरला इंग्रज बायका-मुलांची कत्तल झाली. त्या बातम्या पोचल्यावर ऑक्टोबरात तुम्ही अँजेला बर्डेट-कूट्स यांना पत्र लिहिलंत: मी हिंदुस्थानात सरसेनापती असतो तर ज्या वंशावर या क्रौर्याचा डाग आहे तो समूळ नष्ट करायला झटलो असतो. त्या वर्षीचा तुमच्या साप्ताहिकाचा नाताळ अंकही तुम्ही विल्की कॉलिन्स यांना सोबत घेऊन त्याच आवेगात लिहिलात. तुमचा सोळा वर्षांचा मुलगा वॉल्टर त्याच वर्षी इकडे फौजेत आला होता. बापाचं काळीज मी समजू शकतो. तरीही ते शब्द मला सलतात. उठाव मोडल्यानंतरच्या धामधुमीत आणि दुष्काळांत उत्तरेकडचे मोमीन विणकर गाव सोडून दक्षिणेला आले, मालेगावात थांबले, भिवंडीत थांबले. त्यांची नातवंडं-पतवंडं आज या शहरात माग चालवतात. तुम्ही ज्यांना सरसकट पुसून टाकायला निघाला होतात, त्यांच्यातल्याच माणसांची मजुरी मी वहीत मांडतो.

वॉल्टर २२ व्या वर्षी, ३१ डिसेंबर १८६३ रोजी कलकत्त्यात वारला. आजारी होता, घरी परतायच्या वाटेवर होता. ती बातमी तुम्हाला ७ फेब्रुवारीला, तुमच्या वाढदिवशी कळली. आपल्या आजारी मुलाच्या, टिनी टिमच्या, रिकाम्या जागेकडे बघणारा बॉब तुम्ही वीस वर्षं आधी लिहून ठेवला होता. दुःखाला वंश नसतो, हे तुमच्याच पुस्तकात होतं. नाताळच्या रात्री तुमचं भूत स्क्रूजला खाणकामगारांच्या झोपडीत नेतं, खवळलेल्या समुद्रातल्या दीपगृहात नेतं, जहाजावरच्या पहारेकऱ्यापाशी नेतं. सण असून कामावर असलेली, घरापासून लांबची माणसं दाखवतं. ते भूत आणखी थोडं पुढे आलं असतं तर आमच्या रात्रपाळीपर्यंत पोचलं असतं. तुमच्या रागापेक्षा मी त्या भुताची वाट धरतो.

आणि म्हणून शेवटचं मागणं. स्क्रूज बदलतो तेव्हा भाच्याच्या दारात जातोच, पण आणखी तीन गोष्टी करतो. क्रॅचिटांकडे नाव न सांगता टर्की धाडतो. आदल्या दिवशी हाकललेल्या वर्गणीवाल्याला गाठून भरघोस देणगी कबूल करतो. या दोन्ही २५ तारखेच्या, आणि या दोन्ही जगानं उचलल्या. १८६७ साली अमेरिकेत तुमचं वाचन ऐकून एका कारखानदारानं नाताळला कारखाना बंद ठेवला आणि कामगारांना टर्की वाटल्या, असं सांगतात. तिसरी गोष्ट २६ तारखेची. बॉब साडेअठरा मिनिटं उशिरा येतो, बोलणी खायच्या तयारीनं स्टुलावर चढतो, आणि स्क्रूज त्याचा पगार वाढवतो, घरच्या अडचणीत हात देतो, आधी कोळशाची नवी पेटी घेऊन ये म्हणतो. टिनी टिम जगतो तो या तिसऱ्या गोष्टीमुळे. एका दिवसाच्या टर्कीवर ते पोर वाचलं नसतं.

माझ्या शहरातल्या मालकांना, ठेकेदारांना मी तुमच्या नावानं हेच सांगणार आहे. सणाला मिठाईचा पुडा द्या, जरूर द्या. पण वर्षाला चार सण ठरवा, कारीगराच्या पसंतीचे, आणि त्या तारखांना मागच्या पंधरवड्याच्या सरासरीनं मजुरी लावा. हिशेब अवघड नाही. मी करून ठेवला आहे, विचारील त्याला दाखवीन. येत्या पंधरवड्याच्या हजेरीला हा विषय मी आमच्या शेठजींपुढे काढणार आहे. हातात तुमचं पुस्तक असेल.

आपला,
भिवंडीतला एक मेहताजी