महापौर आणि किल्ल्या

महानगरपालिकेच्या निवडणुकीचे वारे वाहू लागले की धंतोलीतील घराघरांतून एक प्रश्न हटकून ऐकू येतो: 'महापौर म्हणून नाव कोणाचे घेतात? कोणाचा मुलगा तो?' आमच्या थोरल्या काकांचा तर पहिला प्रश्न हाच. त्यात वावगे काही नाही. मनुष्य ज्या घरात वाढतो त्या घराचे वळण त्याला लागतेच. तथापि एवढ्यावर परीक्षा संपू नये, असे मला वाटते.

श्री. देवेंद्र फडणवीस १९९७ साली नागपूरचे महापौर झाले, तेव्हा त्यांचे वय अवघे सत्तावीस होते. वडील गंगाधरराव विधान परिषदेचे सदस्य. आणीबाणीत त्यांनी कारावास सोसलेला. हा वारसा सांगताना आमच्या बैठकी अजून रंगतात. परंतु देवेंद्रजी १९९२ पासून नगरसेवक होते आणि महापौर होण्यापूर्वी त्यांनी सभागृहाचे काम जवळून पाहिले होते, ही गोष्ट मला कुलवृत्तांताहून मोलाची वाटते.

आता पदाचा अधिकार पाहू. एकत्र कुटुंबात आजोबांना पूजेचा पहिला मान असतो, पण कोठीच्या किल्ल्या दुसऱ्याच कोणाच्या कमरेला असतात. महापौरांचे तसेच आहे. सभेचे अध्यक्षस्थान त्यांचे. कारभार मात्र राज्य शासनाने नेमलेल्या आयुक्तांच्या हाती. १९९८ साली 'मेयर-इन-कौन्सिल' पद्धतीने या किल्ल्या महापौरांकडे देऊन पाहिल्या. पण तो प्रयोग फार दिवस टिकला नाही. पुढे मार्च २०२२ मध्ये पालिकेची मुदत संपली आणि जवळजवळ चार वर्षे नागपुरास महापौरच नव्हता. सारा कारभार प्रशासकांनी पाहिला.

शिवाय महापौरास आपण मत देतच नाही. त्यांना निवडतात ते नगरसेवक, आणि तेही अडीच वर्षांकरिता. जानेवारी २०२६ मध्ये तर मतदान आधी झाले व महापौरपदाच्या आरक्षणाची सोडत मागाहून निघाली. ज्याचे नाव मतदानापूर्वी कळणेच शक्य नव्हते, त्याच्या घराण्याची चिकित्सा आपण कोणत्या आधारावर करणार होतो?

म्हणून आमच्या वहिनींचा प्रश्न मला अधिक शहाणपणाचा वाटतो. धंतोलीत इस्पितळांची दाटी झाली आहे. रुग्णांच्या नातलगांनी गाड्या उभ्या तरी कोठे कराव्यात? रस्ता दुतर्फा भरून जातो, आणि रुग्णवाहिकेलाच वाट मिळेनाशी होते. मत मागावयास आलेल्या उमेदवारास त्या शांतपणे विचारतात, 'इमारतीच्या मंजूर नकाशात वाहनतळ म्हणून दाखविलेली जागा आज कशासाठी वापरली जाते, हे तुम्ही सभागृहात विचाराल का? आणि उत्तर आले नाही, तर पुढच्या सभेत पुन्हा विचाराल का?'

या प्रश्नाचे उत्तर घराण्याच्या नावाने देता येत नाही. त्यासाठी कामकाजाचा अभ्यास लागतो आणि चिकाटी लागते. असे चार नगरसेवक प्रभागातून निवडून गेले, तर त्यांच्यातून होणारा महापौरही त्याच मुशीतला निघेल. किल्ल्या ज्याच्या कमरेला आहेत, त्याच्याकडे हिशेब मागण्याचे धैर्य त्याला असले म्हणजे झाले. मग तो कोणाचा मुलगा, वा कोणाची लेक, हे काकांनी खुशाल विचारावे.