ब्लूबर्ड कॅफेतल्या शेजारच्या खुर्च्या

गाणारा खरंच परतला, हे ठरवायचं कशावरून? लोक खपाचे आकडे बघतात, तुडुंब सभागृहं बघतात. स्टीव्ह अर्लच्या बाबतीत मी मात्र नॅशव्हिलच्या ब्लूबर्ड कॅफेतलं, सप्टेंबर १९९५ मधलं रेकॉर्डिंग पुढे करीन. जागा जेमतेम नव्वदेक माणसांची. १९८६ च्या ‘गिटार टाउन’ने अर्लला कंट्री संगीतात अगदी वर नेऊन बसवलं होतं, पुढे हेरॉइनने त्याचं लिहिणं-गाणं गिळलं आणि १९९४ मध्ये तो तुरुंगात गेला. सुटल्यावर, दातांच्या एका धर्मादाय दवाखान्याच्या मदतीसाठी झालेल्या या मैफलीत तो गाय क्लार्क आणि टाउन्झ व्हॅन झँट यांच्या शेजारी नुसती गिटार घेऊन बसला. मला हे शेजारपणच महत्त्वाचं वाटतं. कोवळ्या वयात तो क्लार्कच्या बँडमध्ये बेस वाजवायचा. मुलाच्या नावात त्याने ‘टाउन्झ’ घातलं. नवख्या श्रोत्यांना भारून टाकता येतं, पण ज्यांच्याकडे बघून आपण लिहायला शिकलो त्यांच्यासमोर जुनी पुण्याई चालत नाही. तिघं आळीपाळीने गातात. क्लार्क ‘द रँडल नाइफ’ जवळजवळ बोलतच सांगतो: वडिलांचा सुरा, वडिलांचं जाणं, मागे बोटांनी छेडलेल्या तारा. अशा गाण्याच्या पंगतीला बसायचं तर आवाज चढवून भागत नाही. अर्लचं ‘कॉपरहेड रोड’ १९८८ च्या आल्बममध्ये ड्रम्सच्या दणक्यावर उभं होतं. इथे दणका गेला, आणि चोरटी दारू गाळणाऱ्या घरातल्या, व्हिएतनामहून परतलेल्या पोराची गोष्ट शब्दन्‌शब्द ऐकू येते.

यावर कुणी म्हणेल, साध्या गिटारीवर कोणीही प्रामाणिकच वाटतो; नव्वदच्या दशकात ‘अनप्लग्ड’ची तर फॅशनच होती. आक्षेप वजनदार आहे, पण त्याचं उत्तर याच रेकॉर्डिंगमध्ये आहे. तीच रात्र, तशीच गिटार, तेच श्रोते, आणि टाउन्झचा आवाज मात्र दारूने झिजलेला, जागोजागी तुटणारा. साधेपणाने त्याचं काहीही झाकलं नाही. मग अर्लच्या गळ्यातली स्थिरता साधेपणाने उसनी दिली, असं कसं म्हणायचं? ती त्याने कमावलेली आहे. टाउन्झ १ जानेवारी १९९७ ला, बावन्नाव्या वर्षी गेला; हे रेकॉर्डिंग बाहेर आलं २००१ मध्ये. पुढे २००९ मध्ये अर्लने टाउन्झच्या गाण्यांचा अख्खा आल्बम केला आणि २०१९ मध्ये क्लार्कच्या गाण्यांचा.