श्टुटगार्टमधला रविवार

जून, रविवार. रात्रीचे साडेनऊ वाजले तरी बाहेर उजेड आहे. धाराशिवला एव्हाना जेवणं उरकून गच्चीवर अंथरुणं पडली असती. उन्हाळ्यापुरतं काम घेऊन इथं आलोय. काम जमलं, घड्याळ अजून जमत नाही. आज दुकानं बंद. जर्मनीत रविवारी किराणाही सहसा मिळत नाही, म्हणून दूध-भाजी शनिवारीच भरून ठेवतो. प्लॅस्टिकची रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की 25 सेंट परत मिळतात, त्यामुळे बाटल्याही जपून ठेवतो.

खरं नवल नळाचं. पाणी चोवीस तास, तेही थेट पिण्याजोगं. त्यातलं बरंचसं दूरच्या कॉन्स्टन्स सरोवरातून 1958 पासून येतं. आमच्या धाराशिवलाही पाणी लांबच्या उजनी धरणातूनच येतं. पण ते कधी सुटणार, यावर घराचा अख्खा दिवस ठरतो. आई फोनवर जेवणाची चौकशी करण्याआधी विचारते, "पाणी येतं का रं रोज?"

परगावी निघालेल्यांना एवढंच सांगेन: भाषा सावकाश येईल, आधी तिथल्या दुकानांच्या, कचऱ्याच्या आणि शांततेच्या वेळा शिकून घ्या. निम्मं रुळणं त्यातच होतं.