डोळ्याला चष्मा, कानाला काय?

आमच्या वाडीत नेत्रतपासणी शिबिर भरले तेव्हा नावे लिहून घेण्याचे काम आमच्याकडे होते. आमचे मोठे बंधूही आले. चिरेखाणीवर चिरे कापण्याच्या यंत्रापाशी त्यांची उमर गेली. आम्ही वय विचारले, तर त्यांनी भलत्याच प्रश्नाचे उत्तर दिले. रांगेतले लोक हसले. "माका बरा दिसता, पण हल्ली तुमी सगळेच हळू बोलतास," असे वर आम्हालाच ऐकवले.

चष्मा मिळाला. कानाचा विषय मात्र आम्हीही काढला नाही.

पुढे आम्ही थोडे वाचन केले. आम्ही बी.कॉम., विज्ञान आमचा प्रांत नव्हे. पण आकडे वाचता येतात. तरुण, निरोगी कानाला सेकंदाला 20 पासून 20,000 कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. म्हणजे हजारपट! डोळ्याचे तसे नाही. जांभळ्यापासून तांबड्यापर्यंत जो प्रकाश दिसतो, त्यातली सर्वांत लांब लहर सर्वांत आखूड लहरीच्या जेमतेम दुप्पट. पेटी वाजवणाऱ्यांना हे लगेच उमजेल. कंपने दुप्पट झाली की एक सप्तक वर. या हिशोबाने कानाच्या वाट्याला दहा सप्तके आली आणि डोळ्याच्या वाट्याला एक.

अंतरात मात्र डोळा पुढे. मालवणच्या किनाऱ्यावर उभे राहिल्यास क्षितिज पाचेक किलोमीटरवर असते. काळोख्या रात्री नुसत्या डोळ्यांनी देवयानी दीर्घिका अंधुक दिसते, तिचा प्रकाश सुमारे 25 लाख वर्षांपूर्वी निघालेला. आवाज पोकळीतून येतच नाही. पण कानाला पापणी नाही; तो पाठीमागचे ऐकतो, झोपेतही जागा असतो.

आणि नेमके तेच त्याच्या मुळावर येते. आतल्या कानात केसांसारखे तंतू असलेल्या सुमारे 15,000 पेशी असतात. त्या मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. मोतीबिंदू काढून भिंग बसवता येते, इथे ती सोय नाही. 85 डेसिबलच्या आवाजात आठ तास ही मर्यादा धरतात. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. 100 डेसिबलला उरतात पंधरा मिनिटे. खाणीतले यंत्र काय, ट्रॉलरचे इंजिन काय, मिरवणुकीतला डीजे काय! आपल्या 14 एप्रिलच्या मिरवणुकीतही त्या भिंतीसमोर पोरांना खांद्यावर घेऊन बाप नाचतात. आम्हीही नाचलो आहोत.

आधी जातात ते बारीक, उंच आवाज. स, श यांसारखी अक्षरे त्यातच येतात. बंधूंना 'साठ' म्हटले तर 'आठ' ऐकू येते. मजुरीच्या हिशोबात त्यांनी किती वेळा मान डोलावली असेल, कोण जाणे.

शेवटी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेले. श्रवणयंत्र घेतले. चष्मा नाकावर असतो, यंत्र अजून डबीत आहे. "लोक बहिरो म्हणतले," म्हणतात.